मुलगी परप्रांतीय घरातली म्हणून बाबा लग्नाला तयार नाहीत, 'दमडी देणार नाही' म्हणतात. त्यांना कसं समजवू?

समजवू नका. मी घसा सुकेपर्यंत समजवून पाहिलंय.

आधी धमकीचं. गोव्यात बापाला पोराला असं सहज बेदखल करता येत नाही. निम्मा वाटा मुलांसाठी राखीव, मृत्युपत्र करायचं ते उरलेल्याचं. मुलांचा राखीव वाटा १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून चालत आलेला आहे, २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यातही निम्मा राखीवच. त्यात आईबाबांनी मालमत्ता वेगळी ठेवायचा करार न करता लग्न केलं असेल, तर मुळात अर्धं आईचंच. तुमच्या बाबांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

माझा नवरा म्हापशात जन्मलेला. सासू-सासरे विजापूरकडून चिऱ्यांच्या खाणीवर कामाला आले. त्याची कोंकणी माझ्यापेक्षा साफ. बाबांनी तोंडही न बघता त्याला 'घाटी' ठरवला. आम्ही पेडण्याचे. कोंकणी-मराठी राजभाषेच्या आंदोलनाच्या दिवसांत बाबा मडगावात नोकरीला होते, मराठी बोलतात म्हणून भर बाजारात त्यांना लोक हेच म्हणाले होते. जेवताना कितीदा ऐकवायचे! मी आठवण करून दिली तर म्हणे, "तें वेगळें." काय वेगळं, ते अजून सांगायचंय त्यांनी.

मग एके दिवशी अचानक मऊ झाले. अट एकच: लग्नाआधी नोटरीकडे जाऊन मालमत्ता वेगळी ठेवायचा करार करायचा. तिथे माझी ट्यूब पेटली. करार नसेल तर आपल्याकडे नवराबायकोचं सगळं सामाईक, माहेरून वारशानं आलेलंसुद्धा. म्हणजे आमच्या काजूच्या भाटात, बागायतीत, उद्या विजापूरवाल्याचा अर्धा हक्क! जात, भाषा, संस्कार ही सगळी बडबड त्या भाटापाशी येऊन थांबत होती.

मी विचारलं, दादाच्या लग्नात केला होता का असा करार? वहिनीला अर्धं गेलेलं चालतं, ती आपल्यातली म्हणून? बाबा पानावरून उठले. दादा म्हणाला, "घरचं घरात राहावं एवढंच गं बाबांचं." दादा, वाचत असशील तर सांग, भाटात काजू वेचायला शेवटचा कधी आलास?

करार केला नाही. लग्नाच्या नोंदणीची पहिली सही झाली, नोटीस लागली, दुसऱ्या सहीला आई बाबांच्या देखत नवी साडी नेसून निघाली.

तेव्हा 'ती किती चांगली आहे' हे पटवत बसू नका. चांगली असल्याचा दाखला तिनं का द्यावा? भावाबहिणीच्या लग्नात कोणी काय अटी घातल्या तेवढं विचारा.

हो, करार वाईटच असतो असं नाही. धंद्यात कर्ज असेल तर मालमत्ता वेगळी ठेवणं शहाणपणाचंच, पण दोघांनी मिळून ठरवा आणि लग्नाआधीच, नंतर बदलता येत नाही. राखीव वाटाही काही कारणांनी जाऊ शकतो, आईबापाविरुद्ध गंभीर गुन्हा, त्यांना पोसायला नकार, असलं काही. पसंतीचं लग्न त्यात बसत नाही. तरी वकिलाला एकदा विचारा. बाबांच्या ओळखीचा नको.