व्हिटॅमिन सी दिल्यावर उंदीर कमी घाबरतात म्हणे. मग अँग्झायटीसाठी मीही रोज गोळी सुरू करू का?

त्या प्रयोगाच्या भरवशावर तरी करू नका. मी फार्माकॉलॉजीत एम.फार्म. केलंय, त्यामुळे असे प्रयोग जवळून पाहिलेत.

उंदराची भीती मोजतात कशी, ते आधी सांगते. अधिकच्या चिन्हासारखा, जमिनीपासून साधारण 50 सेंमी उंचावर एक सांगाडा असतो. आम्ही त्याला नुसतं प्लस मेझ म्हणायचो. समोरासमोरच्या दोन फळ्यांना भिंती, उरलेल्या दोन उघड्या. उंदीर मधोमध सोडायचा आणि 5 मिनिटं बघत बसायचं. चारही पाय फळीवर आले तरच तो आत गेला असं धरायचं. उंदराची जात भिंतीला चिकटून चालणारी, त्यामुळे बराचसा वेळ तो आडोशालाच असतो. मान बाहेर काढतो, हुंगतो, परत आत. डायझेपाम हे चिंता कमी करणारं औषध दिलेला मात्र उघड्यावर जाऊन कडेवरून खाली डोकावतो. प्रत्येक उंदरानंतर फळ्या स्पिरिटने पुसायच्या, नाहीतर आधीच्याच्या वासाने पुढचा बिथरतो. खोलीतला उजेड कमीजास्त झाला तरी आकडे हलतात!

आता व्हिटॅमिन सीची खरी गोम. रॅट (मोठा उंदीर) असो की माउस (छोटा), हे व्हिटॅमिन तो स्वतःच्या यकृतात ग्लुकोजपासून बनवतो. त्यातल्या शेवटच्या पायरीचं एन्झाइम माणसाकडे चालत नाही, गिनीपिगकडेही नाही. शिवाय पुष्कळ प्रयोगांत उंदराला आधी अरुंद नळीत तासन्‌तास कोंडून ताण देतात आणि मग औषधाचा गुण बघतात. घरी बसून ऑफिसच्या काळजीने झोप उडालेल्या माणसाला त्यातून काय सांगणार?

आणि व्हिटॅमिन म्हणजे निरुपद्रवी, असंही नाही. ब्राझीलमध्ये 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रॅटना 28 दिवस व्हिटॅमिन ए दिलं, वजनाच्या किलोमागे रोज 1000 ते 9000 आययू (व्हिटॅमिन मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक). त्यांची भीती उलट वाढली आणि मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणी आणि भावनांशी जोडलेल्या भागात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रासायनिक ताणाच्या खुणा सापडल्या. डोस अचाट होता म्हणावं, तर रॅटचा डोस माणसासाठी काढताना 6.2 ने भागतात. म्हणजे त्यातला सगळ्यात लहान डोस 60 किलोच्या माणसाला जेमतेम 9,700 आययू होतो. प्रौढांची रोजची कमाल मर्यादाच 10,000 आहे.

बी6 चं प्रकरण थोडं वेगळं. मेंदूला शांत करणारं गाबा ज्या एन्झाइममुळे बनतं, त्याला बी6 लागतंच. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठाने 2022 मध्ये तरुण माणसांवरचाच अभ्यास प्रसिद्ध केला: रोज 100 मिग्रॅ, सुमारे महिनाभर. चिंता थोडी कमी झाली. पण रोजची गरज दीड मिग्रॅच्या आसपास, आणि मोठा डोस महिनोन्‌महिने घेतला तर हातापायांच्या नसांना इजा होऊन मुंग्या येतात.

म्हणून गोळी सुरू करण्याआधी, शाकाहारी असाल तर बी12 आणि डी तपासून घ्या, जोडीला थायरॉइडही. डी कमी निघालं तर डॉक्टर बहुधा 60,000 आययूचा सॅशे लिहून देतील. तो सहसा आठवड्यातून एकदा घ्यायचा असतो, रोज नाही.