रद्दीच्या लगद्यातून वाळू, पिना निघत नाहीत. कोणता सेंट्रीक्लीनर घ्यावा?

नवा घेऊच नका. आहे तो आधी नीट चालवा. सेंट्रीक्लीनर म्हणजे लगदा गरगर फिरवून जड कचरा खालच्या टोकातून काढणारा कोन.

वापीला एका क्राफ्ट (तपकिरी पॅकिंग कागदाच्या) मिलमध्ये मी 11 वर्षं पल्प मिल सांभाळली. नवे मॅनेजर आले आणि 'फायबर (तंतू) वाया जातंय' म्हणून त्यांनी रिजेक्टचे, म्हणजे टोकातून निघणाऱ्या कचऱ्याचे, व्हॉल्व्ह आवळायला लावले. टनेज वाढवायला पाणीही तोडलं. फीड म्हणजे कोनात जाणारा लगदा, त्यातलं तंतूचं प्रमाण 0.8 टक्क्यावरून 1.4 वर गेलं. लगदा इतका दाट झाला की तंतूच वाळूला धरून ठेवतात, ती कोनाच्या भिंतीकडे फेकली जात नाही. मी लॉगबुकात लिहिलं, तोंडावर सांगितलं. उत्तर मिळालं, 'तुला फायबरचा भाव माहीत आहे का?'

आठवड्याने नाइटला कागदावर ठिपके दिसायला लागले. टॉर्च घेऊन कोनांच्या बँकपाशी (रांगेपाशी) गेलो तर 32 पैकी 19 कोनांच्या टोकातून थेंब पडत नव्हता. एक उघडला. टोकात स्टेपलच्या पिना, वाळू आणि तंतू यांचा बोळा, स्क्रू ड्रायव्हरने उकरावा लागला. टोक बुजलं की कोन नुसता पाइप होतो, आत आलेलं सगळं वरून मशीनकडे जातं. पहाटे प्रेसचं फेल्ट (ओला कागद वाहून नेणारं जाड कापड) फाटलं, तीन आठवड्यांपूर्वीच चढवलेलं. मेमो मला मिळाला. तो अजून घरी आहे.

अहो, प्रायमरीचा, म्हणजे पहिल्या टप्प्याचा, रिजेक्ट गटारात जातच नाही! तो सेकंडरीत (दुसऱ्या टप्प्यात) जातो, तिथला टर्शरीत (तिसऱ्या), आणि फायबर फिरून परत येतं. प्रत्येक टप्प्याला डायल्यूशनचं (लगदा पातळ करायचं) पाणी मात्र भरपूर हवं. फीड 1 टक्क्याच्या आत ठेवा, फीड आणि ॲक्सेप्टच्या (वरून निघणाऱ्या साफ लगद्याच्या) गेजमध्ये दाबाचा दीडेक किलोचा फरक ठेवा, दर शिफ्टला टोकं बघा.

ठिपका गरम इस्त्रीखाली पसरला तर तो डिंक किंवा हॉटमेल्ट (गरम करून लावतात तो गोंद) आहे. त्याचं वजन पाण्याच्या जवळपास, सेंट्रीक्लीनर त्याला काही करत नाही. त्याला बारीक स्लॉटचा प्रेशर स्क्रीन (दाबाखाली चालणारी चाळणी) लागतो. आणि हे सगळं क्राफ्टचं, पांढऱ्या कागदाचं काम मी केलेलं नाही.

तुमच्याकडेही कोणी फायबरचा भाव विचारला, तर शेवटच्या टप्प्याचा रिजेक्ट बादलीत घ्या, पाणी घालून ढवळा, वरचं ओतून द्या. तळाला उरेल ते त्यांच्या टेबलावर ठेवा. मी तेव्हा हे केलं नाही, नुसतं लिहीत बसलो.