वाचकांचे प्रश्न : काळात फिरवून आणणाऱ्या, लेखकांनीच छापलेल्या कादंबऱ्या

प्रश्न : ताई, मुलगा यंदा कॉलेजात गेला. साखळीहून पणजीपर्यंत कदंबच्या बसमध्ये बसून फोनवर इंग्रजी कादंबऱ्या वाचतो. सध्या टाइम ट्रॅव्हलचं वेड आहे. गाजलेल्या वाचून संपल्या, आता लेखकांनी स्वतः प्रकाशित केलेल्या साहसकथा हव्यात म्हणतो. ज्याला प्रकाशक मिळाला नाही ते पुस्तक कसलं असणार, ही माझी धास्ती. पैसे वाया जाणार नाहीत अशी चार नावं सांगाल?
– एक आई, साखळी

उत्तर : धास्ती अगदीच खोटी नाही. या बाजारात गाळ पुष्कळ आहे. पण प्रकाशक नाही म्हणजे पुस्तक टाकाऊ, हे मला पटत नाही. मार्क ट्वेनने १८८९ साली एका अमेरिकन माणसाच्या टाळक्यात हाणून त्याला थेट राजा आर्थरच्या काळात पाठवलं, ती कादंबरी त्याच्या स्वतःच्याच प्रकाशनसंस्थेने काढली होती. (संस्था १८९४मध्ये बुडाली, पुस्तक अजून खपतंय.)

चार नाही, तीनच नावं देते. आमच्या फोंड्याच्या वाचनालयात कोणी मागितली तर बिनदिक्कत हातात ठेवीन अशी.

निव्वळ साहस हवं असेल तर नेथन व्हॅन कूप्सची ‘इन टाइम्स लाइक दीज’, २०१३ची. फ्लोरिडातली सॉफ्टबॉल खेळणारी मित्रमंडळी वादळात सापडतात आणि १९८६मध्ये जाऊन पडतात. मला यातली शिस्त आवडते. मनात आलं की उडी, असं नाही. जिथे जायचं तिथे त्या क्षणी असलेली एखादी वस्तू हाताशी लागते, नाहीतर जीव गेलाच समजा. नियम असा कडक असला की पाठलागाला धार येते. सुरुवात जराशी रेंगाळते, तेवढी सोसायला सांगा.

रायसा वॉकरची ‘टाइमबाउंड’ तुमच्या मुलाच्या वयाला नेमकी. २०१२मध्ये तिने ती वेगळ्या नावाने स्वतःच काढली, पुढच्या वर्षी ॲमेझॉनच्या कादंबरी स्पर्धेत ती पहिली आली, मग प्रकाशक मिळाला. आजीकडून आलेलं एक पदक, भूतकाळात झालेला एक खून, आणि त्यापायी वर्तमानातून पुसले गेलेले आईबाप. पोरगी पोचते १८९३च्या शिकागोत, जागतिक प्रदर्शनाच्या गर्दीत. तेच वर्ष, तेच शहर, जिथे विवेकानंद बोलले! आदल्या वर्षी ते मडगावात उतरून राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती ग्रंथ वाचत होते, हे मुलाला आधी सांगा. मग ते शिकागो त्याला परकं वाटणार नाही. प्रेमप्रकरण मात्र थोडं जास्तच पाघळलंय, माझ्या मते.

तिसरं नाव जोडी टेलर या लेखिकेचं. ‘जस्ट वन डॅम्ड थिंग आफ्टर अनदर’. हीसुद्धा आधी स्वतःच प्रकाशित केलेली, २०१३मध्ये प्रकाशकाने उचलली. इतिहाससंशोधक चहाचे कप रिचवत डायनासोरांच्या काळात जातात, अलेक्झांड्रियाच्या जळत्या ग्रंथालयातून गुंडाळ्या वाचवतात. लेखिका यॉर्कशायरच्या वाचनालय खात्यात नोकरीला होती, तेव्हा माझा थोडा पक्षपात समजून घ्या. विनोद फर्मास आहे, मरणंही बरीच आहेत.

यापुढे त्याला स्वतःला निवडता यायला हवं. ॲमेझॉनवर प्रकाशकाच्या जागी बऱ्याचदा ‘इंडिपेंडंटली पब्लिश्ड’ असं लिहिलेलं असतं. किंडलवर सुरुवातीची पानं फुकट मिळतात. पहिली उडी येईपर्यंत वाचायचं आणि उतरल्यावर माणसाला कशाची पंचाईत होते ते बघायचं. समजा, कोणी जुन्या पणजीत उतरला. साल १९५० असेल तर त्याला रुपिया मोजावी लागेल, १९६० असेल तर एस्कुदो, कारण मध्ये १९५८मध्ये पोर्तुगीजांनी चलन बदललं. हातातली पाचशेची गांधींची नोट तर त्याला थेट पोलिसांपुढे उभी करील. पैसे, कपडे, भाषा यांचा घोळ ज्याने आधीच विचारात घेतलाय, तो लेखक पुढेही फसवत नाही. आल्या आल्या नायक हॉटेलात जेवायला बसला आणि बिलाची कोणाला आठवणच नाही, तर तिथेच मिटायचं. टायपातल्या चुका मी दोन-चार माफ करते.

फोनवर फिरणाऱ्या फुकट पीडीएफ मात्र घेऊ देऊ नका. या मंडळींच्या हातात कोणी आगाऊ रक्कम ठेवलेली नसते, जी प्रत खपेल तिच्यावरच त्यांचं चालतं.

तेव्हा वॉकर आत्ता घ्या, व्हॅन कूप्स सेमिस्टर संपल्यावर. टेलर तुम्हीच आधी वाचा, मुलाला मग द्या.