पदवी इथली की तिथली?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी परदेशातच घ्यायची म्हणून हटून बसली आहे. तिकडच्या पदवीला खरंच जास्त वजन असतं का?

उत्तर : आधी तिला विचारा, नोकरी कुठं करायची आहे? इंजिनिअरिंग पदव्यांच्या परस्पर मान्यतेसाठी १९८९ पासून ‘वॉशिंग्टन अकॉर्ड’ हा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत २०१४ मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला. मात्र ही मान्यता कॉलेजला नसते, अभ्यासक्रमाला असते, तीही ठरावीक मुदतीपुरती. म्हणून एनबीएच्या (आपल्याकडं अभ्यासक्रमांना ही मान्यता देणाऱ्या नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनच्या) यादीत सिव्हिलपुढे ‘टिअर-वन’ लिहिलंय का, ते बघा. टिअर-टू या करारात बसत नाही. माहितीपुस्तिकांवर जाऊ नका. वर्षानुवर्षं चाळतोय, प्रत्येकीत तेच हिरवंगार लॉन! आणि पदवी म्हणजे परवाना नव्हे. अमेरिकेत पुलाच्या आराखड्यावर सही-शिक्का मारायचा तर पीई म्हणजे ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ परवाना लागतोच, मग पदवी कुठलीही असो.

माझं मत विचाराल तर पदवी इथं, मास्टर्स बाहेर. ब्रिटनमध्ये ते बहुधा वर्षभरात होतं, म्हणजे कर्जही वर्षाचंच. डॉक्टर व्हायचं असतं, तर हिशेब पार वेगळा मांडावा लागला असता.