मास्टर्ससाठी लॅपटॉप घेताना १३, १४ का १६ इंच, कुठला साईज घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मास्टर्स सुरू होतंय, पुढे जमलं तर पीएचडी पण करायचीय, लॅपटॉप एकदाच घेणं शक्य आहे आणि १३, १४, १५.६ का १६ इंच हेच ठरत नाहीये कारण ज्याला विचारावं तो आपलाच साईज बरोबर म्हणतो. मी मास्टर्स आणि पीएचडी मिळून तीन साईज वापरले, आधी १५.६, मग १३.३ आणि शेवटी १४. त्यातले पहिले दोन माझ्यासाठी चुकले आणि दोन्ही वेगळ्या कारणाने चुकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं उत्तर आधीच सांगते, १४ इंच घ्या पण १६:१० स्क्रीनवाला (हे स्क्रीनच्या रुंदी आणि उंचीचं प्रमाण), आणि जिथे रोज बसून लिहिणार त्या टेबलावर वेगळा मॉनिटर ठेवा. हे ज्यांना लागू होत नाही त्यांच्याबद्दल पण पुढे लिहिलंय.

सगळ्यात आधी, नुसता इंचाचा आकडा बघून ठरवू नका. तो स्क्रीनचा कर्ण असतो, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप, आणि आपलं काम काय तर वाचणं आणि लिहिणं, त्यात कर्णाचा काय उपयोग? मजकूर वरून खाली जातो, त्यामुळे बघायची ती उंची. १५.६ इंच आणि १६:९ असा जो सगळीकडे दिसणारा लॅपटॉप आहे त्याच्या स्क्रीनची उंची साधारण १९.४ सेंमी असते. १४ इंचाचा १६:१० घेतला तर उंची १८.८ सेंमी. म्हणजे फक्त ६ मिलिमीटरचा फरक! आणि १३.५ इंचाचा ३:२ स्क्रीनवाला (फ्रेमवर्क १३ असा येतो, मायक्रोसॉफ्टचे आधीचे सरफेस लॅपटॉपही असे होते) त्याची उंची १९ सेंमी, म्हणजे दोन इंचांनी लहान म्हणून विकला जाणारा लॅपटॉप वाचायला त्या १५.६ वाल्याच्या जवळपास बरोबरीचा. उलट १४ इंच पण १६:९ घेतला तर उंची १७.४ वर येते. दुकानात दोघांवर १४ च लिहिलेलं असतं, हा फरक कोणी आपणहून सांगत नाही, तेव्हा स्पेसिफिकेशनमध्ये रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवर आडवे आणि उभे किती ठिपके आहेत, ते बघा. १९२० बाय १०८० म्हणजे १६:९, आणि १९२० बाय १२०० किंवा २८८० बाय १८०० म्हणजे १६:१०.

हे मला माहीत नव्हतं तेव्हा काय झालं ते सांगते. मास्टर्सला १५.६ इंचाचा घेतला, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला, कारण सगळे म्हणाले एकदाच घ्यायचाय तर दणकट घे. वजन २.३ किलो आणि चार्जरची वीट अजून पाऊण किलोच्या आसपास, बॅटरी दुपारपर्यंत टिकायची नाही त्यामुळे चार्जर घरी ठेवायची सोय नाही, म्हणजे पुस्तकं आणि पाण्याची बाटली सोडून तीन किलो. पहिले दोन महिने नेला. मग एक दिवस आड, मग फक्त प्रेझेंटेशन असेल तर, आणि दुसऱ्या सेमिस्टरला तो घरच्या टेबलावर कायमचा बसला. नोट्स वहीत, लायब्ररीत काम करायचं तर तिथल्या कॉम्प्युटरवर, फाइल पेनड्राइव्हवर. असं करता करता डेझर्टेशनच्या तिसऱ्या चॅप्टरच्या दोन आवृत्त्या झाल्या, घरी वेगळी आणि पेनड्राइव्हवर वेगळी, दोन्हीत गाईडने सांगितलेले अर्धे अर्धे बदल, आणि सबमिशनच्या आधीचा अख्खा आठवडा त्या जुळवण्यात गेला. जो लॅपटॉप आपण बरोबर नेत नाही तो कितीही फास्ट असला तरी लायब्ररीत सुचलेलं वाक्य त्यात जात नाही, हे मला तेव्हा फार लागलं.

म्हणून पीएचडीला दुसरं टोक गाठलं, १३.३ इंच, १६:९, १.२ किलो. न्यायला सुख! बॅगेत आहे का नाही तपासून बघावं लागायचं इतका हलका. पण त्याच्या स्क्रीनची उंची १६.६ सेंमी, आणि वर्ड उघडलं की वरची पट्टी, रिबन, खालचा टास्कबार हे सगळं जाऊन प्रत्यक्ष मजकुराला जेमतेम ११ सेंमी उरायचे, पट्टी लावून मोजलंय मी. ए४ पानाची उंची २९.७ सेंमी असते, म्हणजे एका वेळी पानाचा तिसरा हिस्सा दिसणार. दोन कॉलममधले पेपर वाचताना खाली जा, परत वर या, दुसरा कॉलम खाली, मधेच टेबल तीन पानं पुढे. शिवाय अक्षरं बारीक म्हणून नकळत पुढे वाकून बसायची सवय लागली आणि दुसऱ्या वर्षी मान धरली ती धरलीच. रोज आठ-आठ तास वाचायचं असेल तर हा साईज एकटा पुरत नाही, मॉनिटर असेल तरच घ्या.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवून काम करण्याबद्दल, कारण ग्रॅज्युएट लेव्हलचं काम म्हणजे मुख्यतः तेच असतं, एका बाजूला पेपर आणि दुसऱ्या बाजूला आपलं लिखाण, नाहीतर एका बाजूला कोड आणि दुसरीकडे ग्राफ. दोन ए४ पानं खऱ्या मापात शेजारी ठेवायची तर ४२ सेंमी रुंदी लागते. १४ इंच १६:१० ची रुंदी ३०.२ सेंमी, म्हणजे प्रत्येक पानाला १५ सेंमी, पान खऱ्या मापाच्या सुमारे ७२ टक्के दिसणार आणि १० पॉइंटचा टाइप साधारण ७ पॉइंटचा होणार. थोडा वेळ चालतं, दिवसभर नाही. १६ इंच १६:१० ची रुंदी ३४.५, तिथे पान ८२ टक्के दिसतं, १० पॉइंटचे ८ पॉइंट, हे डोळ्यांना बऱ्यापैकी सोसतं. १६ इंचवाल्यांचा खरा मुद्दा हा आहे आणि तो अगदी बरोबर आहे. पण साधा २४ इंचाचा मॉनिटर घ्या, त्याची उंची जवळजवळ ३० सेंमी आणि रुंदी ५३, म्हणजे दोन ए४ पानं पूर्ण मापात शेजारी शेजारी मावतात आणि रुंदीत आणखी ११ सेंमी जागा उरते. कुठलाच लॅपटॉप हे देऊ शकत नाही, १७ किंवा १८ इंचाचा घेतला तरी नाही. म्हणून मी म्हणते की मोठी स्क्रीन टेबलावर राहू दे, खांद्यावर नको. माझा तिसरा लॅपटॉप १४ इंचाचा आणि घरी २४ चा मॉनिटर, लॅपटॉप खाली पुस्तकं रचून उंच केलेला आणि वेगळा कीबोर्ड, थीसिस यावरच लिहिला, आणि मानेचं दुखणं हळूहळू कमी झालं कारण स्क्रीन डोळ्यांसमोर आली.

मॉनिटर जोडायचा असेल तर एक गोष्ट आधी तपासा. यूएसबी-सी पोर्ट दिसला म्हणजे त्यातून चित्र जाईलच असं नाही, काही पोर्ट फक्त डेटासाठी असतात, काहींवर चार्जिंग होतं पण डिस्प्ले नाही. स्पेसिफिकेशनमध्ये डिस्प्लेपोर्ट किंवा थंडरबोल्ट लिहिलंय का बघा, नाहीतर एचडीएमआय तरी हवाच. आणि चार्जिंग यूएसबी-सीवर होत असेल तर फारच बरं, ६५ वॉटचा छोटा चार्जर घेतला की लॅपटॉप आणि फोन दोन्ही त्यावर होतात, मोठ्या गेमिंग लॅपटॉपची वीट वेगळी न्यावी लागते ती भानगड नाही.

१६ इंच कोणी घ्यावा? ज्यांना स्वतःचं कायमचं टेबलच नाही, म्हणजे शेअरिंगची खोली, दर सहा महिन्यांनी जागा बदलायची, मॉनिटर ठेवणार कुठे, अशांनी १६ घ्यायला हरकत नाही, तुमची एकुलती एक स्क्रीन तीच असणार आहे. व्हिडिओ एडिटिंग, आर्किटेक्चर, थ्रीडी किंवा जीआयएसचे मोठे नकाशे असं जागेवर बसून लॅपटॉपवरच जड काम करायचं असेल तरी पण १६, कारण मोठ्या बॉडीत पंखे आणि हवा खेळायला जागा जास्त, तोच प्रोसेसर पातळ १४ इंचात तापून थोड्या वेळाने मंदावतो आणि १६ मध्ये बराच वेळ दमदार चालतो. डोळ्यांचा त्रास असेल तर विचारायलाच नको. मात्र मशीन लर्निंग किंवा मोठं सिम्युलेशन करणार म्हणून १६ घेताय तर आधी डिपार्टमेंटला विचारा, तसलं काम बहुतेक ठिकाणी युनिव्हर्सिटीच्या सर्व्हरवर चालतं आणि आपल्या लॅपटॉपवर फक्त टर्मिनलची खिडकी उघडी असते, त्याला १३ इंच पण पुरतो.

बरं मोठा म्हणजे जड असंच काही नसतं हे पण लक्षात घ्या. एलजी ग्रॅम १७ इंचाचा असून दीड किलोच्या आत आहे आणि मॅकबुक प्रो १६ इंचाचा २.१ किलोच्या वर जातो. मॅकबुक एअर १३ चा १.२४ किलो, १५ चा १.५१. म्हणजे साईज आणि वजन हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही वेगळे विचारा. पण हलका असला तरी मोठा लॅपटॉप जागा तेवढीच खातो, आणि जागेचा त्रास वर्गात होतो. ज्या खुर्च्यांच्या हाताला ती छोटी फळी जोडलेली असते ना, त्यावर १६ इंच ठेवला की पुढची कड हवेत आणि वही मांडीवर. विमानात किंवा बसमध्ये समोरच्याने सीट मागे केली की मोठा स्क्रीन पूर्ण उघडतच नाही. कॉन्फरन्सला जाताना प्रवासातच स्लाइड्स दुरुस्त करायची वेळ हमखास येते, तेव्हा हे फार जाणवतं.

नमपॅडबद्दल कोणी बोलत नाही म्हणून सांगते. १५.६ आणि १६ च्या बऱ्याच लॅपटॉपना उजवीकडे आकड्यांचा वेगळा संच असतो, त्यामुळे मुख्य कीबोर्ड आणि टचपॅड डावीकडे सरकतात आणि आपण स्क्रीनच्या मधोमध न बसता तिरपे बसून टाइप करतो. सर्व्हेचा डेटा रोज एक्सेलमध्ये भरायचा असेल तर तो संच वरदान आहे. नसेल तर शंभर पानं टाइप करताना खांदा दुखतो. आकडे कधीतरीच भरायचे असतील तर यूएसबीचा सुटा नमपॅड मिळतो.

रिझोल्यूशनचं थोडक्यात. १४ इंचाला १९२० बाय १२०० पुरेसं आहे. विंडोज त्यावर साधारण १५० टक्के स्केलिंग, म्हणजे सगळं दीडपट मोठं करून दाखवणं, सुचवतं, ते १२५ करून बघा, अक्षरं वाचता येत असतील तर एकदम जास्त ओळी मावतात. फोर-के स्क्रीन १४ इंचात घेऊ नका, डोळ्याला फरक फारसा कळत नाही आणि बॅटरी मात्र लवकर उतरते. रॅम १६ जीबी तरी घ्या कारण पातळ लॅपटॉपमध्ये ती बऱ्याचदा बोर्डलाच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

शेवटी ठरत नसेल तर घरी हे करा. खोक्याचा पुठ्ठा घ्या, एक तुकडा ३१ बाय २२ सेंमी कापा आणि दुसरा ३६ बाय २५. पहिला १४ इंचाच्या लॅपटॉपएवढा, म्हणजे ए४ कागद आडवा ठेवला त्याहून बोटभर मोठा, आणि दुसरा १६ एवढा. दोन्ही तुमच्या रोजच्या बॅगेत जातात का बघा, आणि जिथे बसून अभ्यास करता त्या टेबलावर वही, पुस्तक आणि पुठ्ठा असं तिन्ही मांडून बघा. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या वापरा, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हलका १४ इंच आणि चार्जर मिळून दीड किलोच्या आसपास होतात, तेवढं पाणी बॅगेत घालून तीन दिवस सगळीकडे हिंडा, जिने चढा, उभ्याने प्रवास करा. पुढचे तीन दिवस जड १६ इंचासाठी म्हणून अडीच लिटर. दुसऱ्या वेळी कितव्या दिवशी बॅगेतून बाटली काढून ठेवावीशी वाटली ते लिहून ठेवा, आणि ऑर्डर त्यानंतर करा.