अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा हेड कोच व्हायला किती वर्षं लागतात? एकाच कोचकडे टिकून राहिलं तर नंबर लागतो का?

वर्षांचं खाली सांगतो. आधी दुसऱ्या भागाबद्दल, कारण तो वाचून माझं टाळकं सरकलं. तुमचा भाचा तिकडे कॉलेजच्या टीमचा मॅनेजर (म्हणजे टीमची पडेल ती कामं करणारा विद्यार्थी) आहे आणि 'साहेबांशी, म्हणजे हेड कोचशी, प्रामाणिक राहिला तर कधी ना कधी नंबर लागेलच ना' असं तुम्ही विचारलंय. नाही लागत. नंबर रेशनच्या रांगेत लागतो.

मी नागपूरहून एम.एस. करायला आलो आणि टीमच्या व्हिडिओ रूममध्ये रुतलो तो कायमचा. डिव्हिजन वनमधल्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, एका टीमचा व्हिडिओ कोऑर्डिनेटर होतो. काम काय, तर समोरच्या टीमच्या मॅचेस तुकडे तुकडे करून बघायच्या. स्क्रीन (आपल्या खेळाडूला मोकळं करायला बचाव करणाऱ्याची वाट अडवून उभं राहणं) कुठल्या बाजूला लावला, बचाव करणारा त्याच्या वरून गेला की खालून, मोठा खेळाडू मागे थांबला की पुढे आला. प्रत्येक तुकड्याला खूण. रात्री दोनला बस परत आली तरी सकाळी साहेब यायच्या आत क्लिप तयार हव्यात. आणि तेव्हाच्या नियमानुसार सरावात मी खेळाडूंना एक अक्षर शिकवू शकत नव्हतो. आमचा एक गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब खेळणारा खेळाडू, शूटरवर धावून जाताना दरवेळी चुकीचा पाय पुढे टाकायचा. मला ते पडद्यावर लख्ख दिसायचं, पण मी ते असिस्टंट कोचच्या कानात सांगायचं आणि त्याने ते आपलं म्हणून ओरडायचं! (2023 पासून आणखी दोन जणांना सरावात शिकवायची मुभा मिळाली. आमच्या वेळी नव्हती.)

त्याच स्टाफमध्ये माझा एक मित्र होता, त्या टीमचाच जुना पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू आणून खेळ रचणारा खेळाडू. मला एका छोट्या डिव्हिजन थ्री (सगळ्यात खालचा गट) कॉलेजातून असिस्टंटची नोकरी चालून आली. पगार आधीपेक्षा कमी, व्हॅन आपणच चालवायची, जर्सी धुवायला टाकायच्या त्याही आपणच, खेळाडूंना खेळाची स्कॉलरशिप नाही. पण कोर्टवर उभं राहून शिट्टी वाजवायला मिळणार होती. साहेबांना सगळ्यात आधी सांगितलं, ते हात मिळवून 'जा' म्हणाले. हा पठ्ठ्या मात्र पार्किंगमध्ये अंगावर आला. "तुझ्या व्हिसाच्या कागदांसाठी त्या माणसाने स्वतः फोन केले आणि तू चाललास?" मग बिल गथ्रिजचं उदाहरण. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात हेड कोच डीन स्मिथच्या हाताखाली 1967 ला आला, तीस वर्षं दुसऱ्या खुर्चीवर बसला, 1997 ला हेड कोच झाला आणि तीन सीझनमध्ये दोनदा टीम फायनल फोरला (राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चारांत) नेली. "याला म्हणतात निष्ठा."

मी म्हटलं, बाबा रे, गथ्रिज साठीला पोचला होता तेव्हा. आणि त्याच्यासमोर डीन स्मिथ होता, 36 वर्षं त्याच खुर्चीवर बसलेला, 879 मॅचेस जिंकलेला. आपल्या साहेबांना पुढचा करार मिळेल की नाही याची कुजबुज जेवणाच्या टेबलावर चालते.

पुढे व्हायचं तेच झालं. कॉन्फरन्सच्या (आमच्या गटातल्या कॉलेजांच्या) स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरले, दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना वरच्या ऑफिसात बोलावून नारळ दिला. मित्राचा फोन आला तो ऑफिसातून. भिंतीवरच्या बोर्डावर पुढच्या वर्षीच्या पोरांच्या नावांच्या चुंबकाच्या पट्ट्या असत, त्या कोणीतरी तोवर काढूनही टाकल्या होत्या. नवा कोच आपली माणसं घेऊन आला. मित्र आता एका हायस्कूलला शिकवतो, चांगलं शिकवतो. पण दर मार्चमध्ये मेसेज येतो की मी गद्दार होतो ते होतोच. तो मराठी वाचत नाही म्हणून इथे मोकळेपणाने लिहितोय.

प्रश्न निष्ठेचा नाहीच. तुमचा साहेब खुर्ची कशी सोडतो त्यावर सगळं आहे. तो जिंकून मोठ्या जागी गेला तर मागच्याला खुर्ची मिळू शकते. ब्रॅड स्टीव्हन्स बघा. 2000 मध्ये एली लिली या औषध कंपनीतली नोकरी सोडून बटलर विद्यापीठात आला आणि 2007 ला तिशीत हेड कोच झाला. मधल्या काळात वरचे दोन हेड कोच एकापाठोपाठ दुसऱ्या विद्यापीठांनी उचलून नेले होते. पुढे 2010 आणि 2011 अशी सलग दोन वर्षं त्याने बटलरला अंतिम सामन्यात नेलं. साहेब हाकलला गेला तर मात्र अख्खा स्टाफ खोकी भरतो.

आता वर्षं. भाच्याला जवळचं उदाहरण डस्टी मेचं. इंडियाना विद्यापीठात नामांकित कोच बॉब नाइटच्या टीमचा स्टुडंट मॅनेजर, 2000 ला पदवी. मग ईस्टर्न मिशिगन, मरे स्टेट, यूएबी, लुइझियाना टेक, फ्लोरिडा अशी बिऱ्हाडं करत 2018 ला फ्लोरिडा अटलांटिकचा हेड कोच. म्हणजे अठरा वर्षं. 2023 ला फायनल फोर, 2024 ला मिशिगनचा हेड कोच. एका जागी बसून राहिला असता तर? माझ्या मित्राकडे याचं उत्तर नाही.

पगाराचं तुम्ही विचारलं नाहीत ते बरं केलंत. 1991 मध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांचे नियम करणारी संस्था) खालच्या असिस्टंटचा पगार वर्षाला 16,000 डॉलरवर बांधून टाकला होता. कोच कोर्टात गेले, जिंकले आणि 1999 ला 54.5 मिलियन डॉलरवर तडजोड झाली. खालच्या पायरीवर आजही कोणी मालामाल होत नाही.

हां, हे सांगायचं राहिलं की मी स्वतः अजून असिस्टंटच आहे, तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या. नावाजलेल्या माजी खेळाडूंची वाट वेगळी असते. जॉन शायर ड्यूक विद्यापीठासाठी खेळला, तिथेच असिस्टंट राहिला आणि 2022 ला तिथले हेड कोच माइक शेशेव्स्की ('कोच के') यांच्या जागी बसला. तिथे माझा मित्र बरोबर ठरतो, पण ड्यूक म्हणजे काय रोजची गोष्ट नाही. आणि भाचा तिथला नागरिक नसेल तर आधी व्हिसाचं बघा. विद्यापीठांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी लॉटरीतून जावं लागत नाही हे खरं, पण क्लिप कापणाऱ्या पोरासाठी तेवढी खटपट करणारा साहेब सहसा भेटत नाही. मला भेटला.

भाच्याला एवढंच विचारा की साहेबांचा करार कुठल्या साली संपतो. माहीत नसेल तर शोधायला सांगा. सरकारी विद्यापीठ असेल तर बहुतेक राज्यांत अर्ज करून तो मागवता येतो.