पोस्ट निघेपर्यंत जगणं थांबवायचं का?

"पोस्ट निघाली की मग जगू, असं ठरवून सहा वर्षं झाली. सगळे म्हणतात, आजचा दिवस जग. आजचा दिवस जगत बसलो तर अभ्यास कोण करणार? आणि मागचं आठवलं की झोप उडते. मग माणसानं जगायचं तरी कोणत्या काळासाठी?"

हे विचारणारा मुलगा तिशीचा. 'पोस्ट' म्हणजे स्पर्धा परीक्षेतून मिळणारी सरकारी नोकरी. मूळचा मराठवाड्यातल्या शेतकरी घरातला, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं देऊन राहणारा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी मेस, रात्री दहाला खोली. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेची पूर्व तीनदा निघालेली, त्यानंतरची मुख्य एकदा दोन मार्कांनी गेलेली. ते दोन मार्क बोलण्यात सारखे डोकावत होते.

'वर्तमानात जगा' हा सल्ला अशा मुलांना देऊ नये. स्पर्धा परीक्षा हे पुढच्या काळासाठीच केलेलं काम आहे. उद्याचा विचार सोडला तर सकाळी सातला उठायचं कारणच उरत नाही. फिलिप झिंबार्डो आणि जॉन बॉइड या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये काळाकडे पाहण्याची आपली सवय मोजणारी 56 विधानांची प्रश्नावली मांडली. त्यात पाच कल धरले आहेत: मागचं कडवटपणे आठवणं, मागचं गोडीनं आठवणं, आत्ताची मौज, 'नशिबात असेल ते होईल' म्हणून आत्ता हात टेकणं, आणि पुढचा विचार. यातला एकच कल चोवीस तास मानगुटीवर बसला की बिघडतं. तो कोणता, याचा माणसाचा स्वतःचा अंदाज मात्र बऱ्याचदा चुकतो.

याचाही चुकला होता. 'मी पूर्ण भविष्यात जगतो' असं त्याचं म्हणणं. सात दिवसांची नोंद करायला सांगितली: वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, प्रत्येकात काय करत होतो आणि मन कुठे होतं. मागे असेल तर 'मा', हातातल्या कामात असेल तर 'आ', पुढे असेल तर 'पु'. फोनवर नोंद नको, कारण फोन उघडला की टेलिग्रामचे ग्रुप उघडतात. आणि दर तीन तासांनी भरायची. रात्री एकदम भरली तर झोपतानाचा मूड सगळ्या दिवसावर फासला जातो. आठवड्यानं वही आली तेव्हा अभ्यासिकेतल्या दहा तासांपैकी जवळपास चार 'मा' होते. पुस्तक समोर, डोक्यात जुना निकाल.

पुढचा प्रश्न अवघड असतो, पण विचारावा लागतो: आजवर एकही अटेम्प्ट दिला नसता आणि आज नव्यानं ठरवायचं असतं, तर फॉर्म भरला असतास का? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एवढी वर्षं घातली, आता कसं सोडणार?" हे उत्तर भविष्याचं नाही. गेलेली वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून चाललेला अभ्यास आहे तो, आणि त्यात गोडी राहत नाही.

मागच्या काळाचं काम आधी हाताळलं. गुणपत्रकं समोर ठेवून चाळीस मिनिटांच्या दोन बैठका, एकच कागद, तीन रकाने: माझ्या हातात काय होतं, काय नव्हतं, आता काय बदलणार. 'मी असा का?' हा प्रश्न आला की पेन खाली ठेवायचं. 'का' गोल फिरवतो, 'काय' आणि 'कसं' पुढे नेतात. पहिल्या बैठकीत त्यानं पहिल्याच रकान्यात स्वतःला शिव्या घातल्या. तो कागद फाडून दुसरा घेतला. हाती लागलेली सर्वांत कामाची गोष्ट साधीच होती. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. म्हणजे बहुपर्यायी पेपरातले ते दोन मार्क पुढच्या परीक्षेबद्दल फारसं काही सांगतच नव्हते, आणि लिहिण्याचा सराव मात्र त्यानं जवळजवळ केलेला नव्हता. रोज दोन उत्तरं, वेळ लावून, हातानं लिहायची, हे तिसऱ्या रकान्यात गेलं.

काळजीसाठी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांची 1980 च्या दशकातली जुनी पद्धत अजून चांगली चालते. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. एरवी विचार आला की चिठ्ठीवर एक ओळ लिहायची आणि त्या अर्ध्या तासावर ढकलायची. यानं रात्री साडेदहाला खोलीवर, कॉटवर बसून सुरू केलं आणि झोप आणखी बिघडली. जागाच चुकली होती. संध्याकाळी सहा, बाहेरचा बाक, असं केल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून चिठ्ठ्या निम्म्या झाल्या. विचार दाबायचे नसतात, पुढे ढकलायचे असतात. 'यायलाच नकोत' असा हट्ट धरला तर ते दुप्पट येतात.

पुढच्या काळाला तारीख लागते, आणि इथे सगळ्यात जास्त मुलं अडकतात. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा 38, मागासवर्गीयांना 43. 'थांब' असं बाहेरून कुणी लवकर म्हणतच नाही. म्हणून मर्यादा स्वतः, लिहून, परीक्षेआधी घालावी लागते. त्याच्या कागदावर अशी होती: आणखी एक पूर्ण चक्र, पूर्व ते निकाल. पूर्व निघाली नाही तर त्याच महिन्यात दुसऱ्या कामाला लागायचं. 'प्लॅन बी आहे' एवढं पुरत नाही. कोणतं काम, कुणाला विचारायचं, काय शिकावं लागेल, फी किती, पहिल्या तीन महिन्यांचं भाडं कुठून येणार, हे नसेल तर तो प्लॅन नव्हेच. त्यानं एका क्लासमध्ये उत्तरपत्रिका तपासायचं काम आठवड्यातून दोन संध्याकाळी धरलं. पैसे थोडे, पण महिन्याला काहीतरी हातात येऊ लागलं.

आणि आज? पोस्टवर टांगलेल्या गोष्टींची यादी करायला लावली तर पान भरलं. बहिणीच्या मुलाला पाहिलेलं नाही, दात दुखतोय, मित्राच्या लग्नाला गेला नाही. यातल्या आठवड्याला दोन गोष्टी वेळापत्रकात घालायच्या, मूड येण्याची वाट न बघता. आधी कृती, मग बरं वाटणं, हा क्रम उदासीत उलटा धरून चालत नाही. दातांचा डॉक्टर पहिल्या आठवड्यात झाला.

घरच्यांचा भाग थोडक्यात. आई रोज फोनवर 'निकाल कधी रे?' विचारायची. वडिलांसमोर त्यानं कागद वाचून दाखवला: "अण्णा, या तारखेपर्यंत विचारू नका, त्यानंतर मी स्वतः सांगेन." अण्णा रागावतील ही भीती होती, त्यांना तारीख कळल्याचाच दिलासा वाटला. सगळ्या घरांत असं होत नाही. काही वडील कागद बाजूला सारतात. तेव्हा मामा किंवा थोरल्या भावाला मध्ये घ्यावं.

दोन आठवडे झोप-भूक उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर वह्या-रकाने बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. टेली मानसची 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत फोन सेवा चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं.

शेवटच्या भेटीत त्यानं विचारलं, "आणि तेव्हा मन बदललं तर?" तारीख एकदा पुढे नेता येते, पण दोन अटींवर. नवं कारण कागदावर लिहिता आलं पाहिजे. 'एवढे दिवस दिले' हे कारण चालत नाही. आणि निकालाच्या आठवड्यात हा निर्णय घ्यायचा नाही. निकालानंतर किमान तीन आठवडे जाऊ द्यायचे, त्या काळात क्लासचं काम चालू ठेवायचं आणि फॉर्मची लिंक उघडायची नाही.